मॉर्मन पायवाट कशी चालावी : गोव्याहून जाणाऱ्यांसाठी

गोव्यातील मराठी घरांतून अमेरिकेत मुलाबाळांकडे जाऊन येणाऱ्यांची संख्या आता एवढी वाढली आहे की, फोंड्याच्या बाजारात चार ओळखीची माणसे भेटली तर त्यांतील एखादे नुकतेच तिकडून परतलेले किंवा लवकरच तिकडे निघालेले असते. पहिल्या खेपेस न्यूयॉर्क आणि नायगारा उरकतात. दुसऱ्या खेपेस मात्र मुले कामावर गेल्यावर दिवस कसा काढावा, हा प्रश्न उभा राहतो. अशाच एका दुसऱ्या खेपेत मी आणि माझी पत्नी मॉर्मन या अमेरिकेतील ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या स्थलांतराच्या ऐतिहासिक वाटेवर चाललो. सगळी वाट नव्हे, तिचे चार तुकडे. त्या अनुभवावरून, आणि त्यात आमच्या हातून झालेल्या चुकांवरून, हे मार्गदर्शन लिहीत आहे.

ही वाट म्हणजे नेमके काय, ते आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण नावावरून फसगत होते. इलिनॉय राज्यात मिसिसिपीच्या वळणावर नॉवू नावाचे गाव आहे. तेथून निघून आयोवा, नेब्रास्का आणि वायोमिंग ओलांडत यूटामधील सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंत हा मार्ग जातो. त्याची लांबी सुमारे 1,300 मैल, म्हणजे जवळजवळ 2,100 किलोमीटर आहे. 1846 पासून 1869 मध्ये आगगाडी सुरू होईपर्यंत सुमारे 70,000 माणसे या मार्गाने पश्चिमेकडे गेली, आणि 1978 मध्ये अमेरिकन सरकारने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. पंढरीच्या वारीप्रमाणे एका टोकाला पाऊल टाकले आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडलो, असे मात्र येथे होत नाही. मूळ वाटेचा पुष्कळसा भाग आज महामार्गांखाली, मक्याच्या शेतांत किंवा खाजगी कुरणांत गेला आहे. म्हणून ही वाट कशी चालावी, या प्रश्नाचा खरा अर्थ तिचे कोणते तुकडे चालावेत आणि कोणत्या क्रमाने, असा आहे.

निघण्याची जागा आधी

माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, सुरुवात नॉवूपासूनच करावी. बहुतेक प्रवासी सॉल्ट लेक सिटीला विमानाने उतरतात, तेथील स्मारके पाहतात आणि मॉर्मन इतिहास पाहिला असे समजतात. तेथे ती माणसे पोहोचली. निघाली ती नॉवूहून.

आपल्याकडेही हीच सवय आहे. कवळ्याला, मंगेशीला, म्हार्दोळला, रामनाथीला आपण वर्षातून अनेकदा जातो, पण हे देव मुळात तेथले नव्हेत याची आठवण आरतीपुरतीही राहत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील साष्टीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा 1560 मध्ये मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला गेला आणि 1566 मध्ये शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा परिसर, तेव्हा आदिलशाहीत होता, त्यामुळे जुवारी ओलांडली की माणसाला आणि देवाला श्वास घेता येत होता. कितीतरी कुटुंबे तेथेही थांबली नाहीत आणि खाली कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली. नॉवूचा आणि आपला इतिहास एक नाही, आणि तो एक आहे असे मी म्हणणारही नाही. परंतु रातोरात घर बंद करून नदीपलीकडे जाणे म्हणजे काय, हे ज्याच्या कुळाच्या कहाणीत आहे, त्याला नॉवूच्या नदीकाठावर फार समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून तयारीचा एक भाग गोव्यातच करावा. एका रविवारी सकाळी लवकर केळशीला जावे, तेथून लोटलीमार्गे रासयच्या धक्क्यावर यावे, फेरीबोटीने दुर्भाटला उतरावे आणि तेथून कवळ्याला पायी जावे. देवीची पालखी नेमक्या याच रेषेने गेली असा माझा दावा नाही. हा केवळ सराव आहे. पण या सरावात चप्पल चालते की बूट लागतात, तहान किती वेळाने लागते आणि बरोबरच्या माणसाचा वेग आपल्याशी जुळतो का, या तिन्ही गोष्टी कळतात. मी हा सराव परत आल्यावर केला. आधी केला असता तर वायोमिंगमध्ये टाचेला फोड आले नसते.

ते का निघाले

जाण्यापूर्वी थोडा इतिहास वाचून जावा, नाहीतर फलकांवरील नावे नुसती नावे राहतात. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. अनुयायी ओहायोत आणि मिझुरीत वसले, शेजाऱ्यांशी खटके उडाले, आणि 27 ऑक्टोबर 1838 रोजी मिझुरीच्या गव्हर्नरने या लोकांना राज्यातून हाकलून लावावे किंवा त्यांचा नायनाट करावा असा लेखी आदेश काढला. हा आदेश औपचारिकपणे रद्द झाला तो 1976 मध्ये, हे वाचून मी चष्मा काढून पुन्हा वाचले होते. मिझुरीतून आलेल्या निर्वासितांनी 1839 मध्ये मिसिसिपीकाठची दलदल उपसून नॉवू वसवले. पाच वर्षांत तेथे सुमारे 12,000 माणसे झाली, आणि इलिनॉयमध्ये ते तेव्हाच्या शिकागोच्या तोडीचे गाव गणले जाऊ लागले.

पुढे जे घडले त्याला एकच कारण नव्हते. एकगठ्ठा मतदान, स्वतःचे सशस्त्र दल, बहुपत्नीत्वाची कुजबुज आणि शेवटी विरोधी वृत्तपत्राचा छापखाना मोडण्याचा नगरपरिषदेचा निर्णय, या साऱ्यांतून वातावरण पेटले. 27 जून 1844 रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना गोळ्या घालून मारले. पुढल्या जानेवारीत गावाची सनद रद्द झाली. ब्रिगहम यंग यांनी नेतृत्व हाती घेतले आणि 4 फेब्रुवारी 1846 रोजी, भर हिवाळ्यात, पहिल्या गाड्या नदीपार गेल्या.

नॉवूतील मार्गदर्शक ही हकीकत श्रद्धाळूच्या बाजूने सांगतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र छापखान्याची गोष्ट तेथे ओझरती येते. ती आपण घरूनच वाचून जावी.

नॉवू : पार्ली रस्ता

शिकागोहून नॉवू मोटारीने साधारण पाच तासांवर आहे. आगगाडीने जायचे असेल तर शिकागोहून निघणारी साउथवेस्ट चीफ ही गाडी नदीपलीकडील फोर्ट मॅडिसन येथे थांबते. परंतु तेथून नॉवूपर्यंतच्या वीसेक किलोमीटरसाठी आपल्या कदंबसारखी बस मिळेल या भ्रमात राहू नये. भाड्याची मोटार किंवा नेणारा माणूस आधी ठरवावा. गाव आज हजारभर वस्तीचे आहे. निवासाची सोय आहे, पण जुलैत तेथे मोठे नाट्यप्रयोग असतात आणि देशभरातून कुटुंबे येतात, तेव्हा खोली बरीच आधी राखून ठेवावी लागते.

आपल्याला जी वाट चालायची आहे ती पार्ली रस्त्यावरची. तिला ट्रेल ऑफ होप, म्हणजे आशेची वाट, असे नाव दिले आहे. ती मैलभराच्या आतच संपते आणि जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनीही निर्धास्त जावे. रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर फलक लावलेले आहेत, आणि प्रत्येकावर त्या हिवाळ्यात याच रस्त्याने गेलेल्या एखाद्या स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या रोजनिशीतील, पत्रातील चार ओळी आहेत. ही वाट चालण्याची पद्धत म्हणजे फलक वाचण्याची पद्धत. नुसते चालत गेलो तर वीस मिनिटांत नदी येते आणि एवढ्यासाठी का आलो असे वाटते. आम्ही एक फलक तिने आणि एक मी असे मोठ्याने वाचत गेलो, इंग्रजी जड वाटले तेथे थांबून मराठीत सांगत गेलो, आणि नदीपर्यंत पोहोचायला दीड तास लागला. सामान काय घेतले, काय मागे ठेवले, दाराला कडी घालताना कोण मागे वळून पाहत होते, अशा साध्या गोष्टी त्या ओळींत असतात. पत्नीने एका फलकापाशी जरा वेळ घेतला. घर सोडण्याआधी झाडलोट करून ठेवल्याची ती नोंद होती. माझी आजीही गावाला जाताना चूल सारवून निघत असे, एवढेच ती म्हणाली.

वाट पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नदीकडे, अशीच चालावी. मोटार नदीकाठी उभी करून उलट दिशेने चालणारे आम्ही पाहिले. त्यांना हकीकत शेवटाकडून वाचावी लागत होती. सकाळी नऊच्या आत निघावे. इलिनॉयमधील जुलै आपल्या मे महिन्यासारखा घाम काढतो, आणि नदीकाठी डासही आपल्याच तोडीचे असतात. गवतात शिरू नये, कारण तेथे गोचिडी असतात. संध्याकाळी पायांची आणि कानामागची तपासणी करावी.

काठावर वाटेत मरण पावलेल्यांची नावे कोरलेले स्मारक आहे. तेथे उभे राहून नदीकडे पाहिले की पात्र अफाट दिसते, आणि कुठ्ठाळीच्या पुलावरून रोज जुवारी पाहणाराही क्षणभर गप्प होतो. पण आज दिसणारे पात्र 1846 मधले नव्हे, हे ध्यानात ठेवावे. खाली किओकक येथे 1913 मध्ये धरण पूर्ण झाले, तेव्हा पाणी चढले आणि जुना काठ काही प्रमाणात बुडाला. पहिल्या गाड्या येथून तराफ्यांवरून गेल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस थंडी एवढी वाढली की नदी गोठली आणि काही कुटुंबे बर्फावरून बैलगाडी हाकत पलीकडे गेली. दरवर्षी 4 फेब्रुवारीच्या सुमारास तेथील लोक जाड कपडे घालून हीच वाट नदीपर्यंत चालतात. गोव्याच्या माणसाने त्या थंडीचा हट्ट धरू नये, असे मला वाटते. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आपल्याला सर्वांत मानवतो.

वाट झाल्यावर लोहाराचे दुकान, बेकरी आणि वीटभट्टी पाहावी. प्रवेश विनामूल्य आहे, बेकरीत आल्याचे बिस्कीट हातावर ठेवतात आणि वीटभट्टीवर बोटभर लांबीची वीट भेट देतात. टेकडीवरील पांढरे मंदिर जुने नाही. मूळ मंदिर 1846 मध्ये पूर्ण झाले, 1848 मध्ये कोणीतरी लावलेल्या आगीत जळले आणि 1850 च्या वादळात त्याच्या भिंती कोसळल्या. आजची वास्तू त्याच जागी 2002 मध्ये उभी राहिली. तिच्या आत पंथाबाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो. आवारात मात्र खुशाल फिरता येते. आपल्याकडे गाभाऱ्याला मर्यादा असते हे जाणणाऱ्याने त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

मधला पल्ला

आयोवा मोटारीने ओलांडावा. तेथे चालण्यासारखे तुकडे थोडे आहेत, पण जाताना एक आकडा मनात ठेवावा. 1846 मध्ये पहिल्या तुकडीला आयोवातील सुमारे 310 मैल काटायला 131 दिवस लागले, आणि पुढल्या वर्षी उरलेले हजारावर मैल 111 दिवसांत झाले. फरक पावसाचा, चिखलाचा आणि अपुऱ्या तयारीचा होता. आषाढात माशेलला चिखलकाला आपण हौसेने खेळतो (आणि तेथला देवकीकृष्णही मुळात चोडण बेटावरूनच आलेला), पण ज्या चिखलात बैलाचे पाय पोटापर्यंत रुततात तो चिखल वेगळा. वाटेत गार्डन ग्रोव्ह आणि माउंट पिस्गा येथे या लोकांनी शेते नांगरून पेरली. पीक मागून येणाऱ्यांसाठी होते. पेरणारे स्वतः पुढे निघून गेले. दोन्ही ठिकाणी आज फारसे काही उरलेले नाही, तरी वाट वाकडी करून जावे.

ओमाहा शहराच्या उत्तरेस फ्लोरेन्स येथे 1846 चा हिवाळा त्यांनी काढला. ती जमीन ओमाहा जमातीची होती. तेथे दफनभूमी आहे आणि मूल पुरणाऱ्या आईबापांचा 1936 मधील कांस्यपुतळा आहे. अर्धा दिवस पुरतो.

वायोमिंग : हातगाडीची वाट

हा तुकडा पोहोचायला कठीण आहे आणि सर्वांनी करावा असे मी म्हणणार नाही. कॅस्पर शहरापासून नैऋत्येला 220 क्रमांकाच्या महामार्गाने सुमारे 55 मैल गेल्यावर मार्टिन्स कोव्ह येते. वाटेत इंडिपेंडन्स रॉक हा प्रचंड खडक लागतो, ज्यावर वाटसरूंनी कोरलेली नावे अजून वाचता येतात. मोटारीची टाकी कॅस्परमध्येच भरावी, पाणी माणशी किमान तीन लिटर घ्यावे आणि फोनवरच्या नकाशावर विसंबून राहू नये, कारण मधल्या पट्ट्यात संपर्क तुटतो. जून ते सप्टेंबर हाच योग्य काळ आहे.

1856 मध्ये युरोपातून आलेल्या गरीब अनुयायांना बैलगाडी परवडेना, म्हणून हातगाड्यांची योजना निघाली. साधारण पाच माणसांमागे एक गाडी आणि प्रौढ माणसाला 17 पौंड सामान, असा हिशेब होता. 17 पौंड म्हणजे पावणेआठ किलो. मोपा विमानतळावर हातातील बॅग सात किलोंच्या वर गेली म्हणून आपण तेथेच उघडून लोणच्याची बरणी मुलाच्या बॅगेत सरकवतो. या लोकांनी तेवढ्या वजनात अंथरूण, भांडी आणि कपडे बसवून संसार उचलला.

मार्टिन आणि विली या दोन तुकड्या त्या वर्षी फार उशिरा निघाल्या. ऑक्टोबरच्या मध्यानंतर वायोमिंगच्या पठारावर बर्फाने त्यांना गाठले, आणि दोन्ही मिळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. ब्रिगहम यंग यांना उशिराने निघालेल्यांची खबर ऑक्टोबरच्या सुरुवातीस मिळाली, तेव्हा त्यांनी धर्मसभेतूनच मदतीच्या गाड्या रवाना करायला सांगितल्या. त्या गाड्या पोहोचल्या नसत्या तर कोणीच उरले नसते.

मार्टिन्स कोव्ह येथील केंद्रावर हातगाडी विनामूल्य वापरायला मिळते. ती अवश्य घ्यावी, पण ओढण्यापूर्वी पाच मिनिटे तिच्याकडे पाहावे. दोन लांब दांड्या, पुढे आडवी पट्टी, मध्ये उथळ पेटी आणि तिच्या दोन बाजूंना कमरेएवढी उंच चाके. चाकाला हात लावून आरे कोठे तुंब्यात शिरतात ते पाहावे. मूळ गाड्या घाईघाईत ओल्या लाकडाच्या केल्या होत्या. आपल्याकडचा कोणताही जुना सुतार सांगेल की, ओले लाकूड सुकताना आकसते आणि मग आरे तुंब्यात हलू लागतात, धाव सैल होऊन निसटते. पठारावरच्या कोरड्या वाऱ्यात नेमके तेच झाले. त्यात लाकडी आसावर वाळू बसून ती झिजू लागली, तेव्हा माणसांनी खायची डुकराची चरबी आसाला लावली.

पूर्ण फेरी साधारण 5 मैलांची आहे. येथे आमची फजिती झाली. पाटीवरील आकडा आम्ही सवयीने किलोमीटर समजलो, अडीच किलोमीटर चालून परत फिरायचे असा हिशेब करून पाण्याची एक बाटली मोटारीत ठेवली, आणि प्रत्यक्षात आठ किलोमीटर झाले. अमेरिकेत पाटीवरील प्रत्येक आकड्याला 1.6 ने गुणावे, हा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळतो. जागेची उंची सुमारे 1,800 मीटर आहे, म्हणजे गोव्यातील कोणत्याही डोंगरापेक्षा जास्त. समुद्रकाठच्या माणसाला पहिल्या चढालाच धाप लागते. आदल्या रात्री कॅस्परला मुक्काम करावा आणि पहिला मैल मुद्दाम सावकाश चालावा. वारा इतका असतो की टोपीला नाडी हवीच. स्वतः ती कोव्ह, म्हणजे डोंगराच्या कुशीतील खोलगट जागा, शांत असते. तेथे मोठ्याने बोलू नये अशी अपेक्षा आहे आणि कोणी न सांगताही ती पाळली जाते.

गाडी रिकामी ओढली तर ती खेळणे वाटते. आम्ही आमच्या दोन पिशव्या, पाणी आणि वाटेत भेटलेल्या एका कुटुंबाचा चार वर्षांचा मुलगा गाडीत घेतला. वाळूचा पट्टा आला तेव्हा दोघांनी ओढूनही चाक हलेना. मग त्या मुलाच्या वडिलांनी मागून खांदा लावला.

लोकांशी कसे वागावे

या सर्व ठिकाणी माहिती देणारे लोक बहुधा पंथाचे स्वयंसेवक असतात. अनेकदा निवृत्त जोडपी स्वखर्चाने काही महिने राहून ही सेवा करतात. त्यांना आपले गाव, आपला देव, आपली भाषा यांविषयी खरेच कुतूहल असते. बोलण्याच्या ओघात ते आपला पत्ता किंवा फोन क्रमांक विचारू शकतात. द्यायचा नसेल तर हसून नको म्हणावे, ते वाईट मानत नाहीत. मॉर्मन हा शब्द इतिहासाबद्दल बोलताना चालतो, पण माणसांचा उल्लेख करताना त्यांना आपल्या चर्चचे पूर्ण नाव, चर्च ऑफ जीझस क्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, अधिक आवडते. ते चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू घेत नाहीत. त्यामुळे त्यांच्या केंद्रांवर चहा मिळणार नाही. ज्यांना चार वाजता चहाशिवाय डोके धरते त्यांनी थर्मास बरोबर ठेवावा आणि तो मोटारीपाशी उघडावा. जेवणाचे म्हणाल तर, वायोमिंगमध्ये शाकाहारी माणसाची बटाट्यावर बोळवण होते. चपात्या, दाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या बरोबर घेतल्या तर तीन दिवस निभावतात.

यूटा : मोठ्या डोंगराची खिंड

सॉल्ट लेक सिटीला उतरल्यावर, शहर पाहण्यापूर्वी, एक दिवस मॉर्मन फ्लॅट ते बिग माउंटन या तुकड्यासाठी ठेवावा. मूळ वाट जशी होती तशी पायाखाली येते, अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे. शहरातून 80 क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेस जेरेमी रँचपर्यंत जावे आणि तेथून कच्च्या रस्त्याने मॉर्मन फ्लॅट गाठावे. तेथून खिंडीपर्यंत एकतर्फी सुमारे 7 किलोमीटरचा चढ आहे, आणि माथा 7,420 फुटांवर, म्हणजे 2,260 मीटरवर आहे. खिंडीपर्यंत 65 क्रमांकाचा रस्ताही येतो, परंतु हिवाळ्यात तो बंद असतो. दोन मोटारी असतील तर एक वर आणि एक खाली ठेवावी. एकच असेल तर वयस्करांनी खिंडीतून खाली उतरत जावे आणि मोटार चालवणाऱ्याने मॉर्मन फ्लॅटला वळसा घालून यावे. हा उलटा प्रवास मला तत्त्वतः पटत नाही, पण गुडघ्यांपुढे तत्त्व चालत नाही.

वाट ओढ्याच्या कडेने, झाडीतून चढते. ती आधीच्या वर्षी, 1846 मध्ये, कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या डोनर-रीड तुकडीने झाडे तोडून केली होती. त्या कामात त्यांचे दिवस आणि बैल खर्ची पडले आणि पुढे सिएरा नेवाडाच्या बर्फात त्यांच्यावर भयंकर प्रसंग ओढवला. 1847 मध्ये मॉर्मन तुकडीला ती वाट बरीचशी तयार मिळाली. 143 पुरुष, 3 स्त्रिया आणि 2 मुले अशी ती पहिली तुकडी होती. तिच्यात ग्रीन फ्लेक, हार्क लेय आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तीन गुलाम कृष्णवर्णीय पुरुषही होते, हे स्मारकांवर अलीकडे ठळक होऊ लागले आहे. इमिग्रेशन कॅन्यनच्या तोंडाशी 1947 मध्ये उभारलेले मोठे स्मारक आहे. तेथेच कृष्णवर्णीय वाटसरूंचे 2022 मधील स्मारकही आहे, ते पाहिल्याशिवाय परतू नये. ज्यांच्या भूमीवर ही वसाहत झाली ते यूट, शोशोनी आणि गोशूट लोक मात्र या वाटेवर फारच थोड्या फलकांत भेटतात.

चढताना वेळ जावा म्हणून एक खेळ सुचवतो. विल्यम क्लेटन नावाच्या कारकुनाला दिवसाचे अंतर अंदाजाने लिहिणे मान्य नव्हते. त्याने गाडीचे चाक मोजले, परीघ 14 फूट 8 इंच भरला, म्हणजे 360 फेऱ्यांचा एक मैल. 8 मे 1847 रोजी तो दिवसभर चाकाशेजारी चालत फेऱ्या मोजत राहिला. त्या 4,070 झाल्या, म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर 20 फेऱ्या. त्यानंतर त्याच्या आग्रहाने लाकडी दातेरी चक्रांचे मोजयंत्र बनवून गाडीला लावले, आणि त्या मोजमापांवरून 1848 मध्ये मागून येणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका छापली गेली. आपण आपली पावले मोजावीत. माझ्या पत्नीने 4,000 पर्यंत मोजली, मग एक हरीण आडवे आले आणि हिशेब चुकला.

खिंडीतून पश्चिमेकडे, दोन डोंगरांच्या फटीतून, खोऱ्याचा एक तुकडा दिसतो. 19 जुलै 1847 रोजी पुढे टेहळणीला आलेल्यांनी तो येथूनच पाहिला. ब्रिगहम यंग आजारी होते. ते गाडीत पडून आले आणि 24 जुलै रोजी खोऱ्यात पोहोचले. त्या तारखेला यूटामध्ये सुट्टी असते, मिरवणूक निघते आणि रस्ते बंद होतात, तेव्हा 24 जुलैला शहरात पोहोचण्याचा बेत करताना निवासाची आणि वाहनाची सोय आधी पाहावी.

शेवटचा तुकडा शहरातच आहे. विधानभवनाच्या मागे एन्साइन पीक नावाची टेकडी आहे. पोहोचल्यावर दोन दिवसांनी, 26 जुलै रोजी, ब्रिगहम यंग आणि त्यांचे सहकारी तिच्यावर चढले आणि गाव कसे आखायचे ते तेथून पाहिले. चढण एकतर्फी अर्ध्या मैलाहून कमी, पण उभी आहे. माथ्यावर 1934 मध्ये बांधलेला 18 फूट उंचीचा दगडी स्तंभ असून, त्याचे दगड वाटेवरच्या निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले आहेत. सूर्यास्तापूर्वी तासभर आधी चढावे. खाली काटकोनात छेदणारे रुंद रस्ते पट्टीने ओढल्यासारखे दिसतात आणि दूर सरोवराची पांढुरकी कड चमकते. उतरताना अंधार पडतो आणि वरच्या भागात खडी पायाखालून सरकते, म्हणून विजेरी आणि एक काठी बरोबर असावी. चपला घालून गेलेल्या आमच्या जावयाला शेवटचे शंभर पाऊल माझा हात धरून यावे लागले.